टीव्ही गेममधला विणकर

दिवाळीच्या सुट्टीत उधन्याच्या घरी माळा साफ करताना काकांचा टीव्ही गेम सापडला. मंडळातल्या निम्म्या लोकांनी तो प्रत्यक्ष पाहिलाही नसेल, म्हणून सांगतो: प्लॅस्टिकचा डबा, वायरने जोडलेले दोन रिमोट आणि वरच्या खाचेत दाबून बसवायची जाडजूड कॅसेट. गाण्याची नाही, गेमची. पण आपल्याकडे तिला सगळे कॅसेटच म्हणायचे. नव्वदच्या दशकात सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांचे डबे आपल्या देशात विकले गेले. मारिओ, काँट्रा, बदकं मारायचा गेम हे सगळं बहुतेकांनी त्यांच्यावरच पाहिलं. मूळ यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीचं, नाव फॅमिकॉम. आपल्याकडे आले ते त्याचे नकली भाऊबंद.

अडॅप्टर मेलेला होता, म्हणून मी स्क्रू काढून आत पाहिलं. या यंत्राच्या चित्र काढणाऱ्या चिपबद्दल मी बरंच वाचलं होतं. चाळीस पायांची, झुरळासारखी दिसणारी काळी चिप, पाठीवर नंबर, अशी माझी अपेक्षा. आत निघाली हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबराचा थेंब पडून वाळावा तसा एक काळा गोळा. नाव नाही, नंबर नाही.

"काका, यात चिप कुठंय?"

"तोच तो गोळा," काका म्हणाले. "दुकानदार सांगायचा, हा गेला तर गेम फेकून द्या."

त्या गोळ्याच्या आत काय चालतं, हे समजायला आधी थोडा हिशोब करू. गेमचं चित्र २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच, म्हणजे एकूण ६१,४४० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला चारांपैकी एकच रंग द्यायचा म्हटलं तरी दोन बिट लागतात. एका चित्राला १५,३६० बाइट झाले. आज मोबाईलवर आलेला 'शुभ सकाळ'चा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. पण फॅमिकॉम १५ जुलै १९८३ ला बाजारात आला तेव्हा मेमरी महाग होती. त्याच्या मुख्य प्रोसेसरला कामासाठी मिळाले २ किलोबाइट, आणि चित्राच्या चिपला वेगळे २ किलोबाइट. चित्र ठेवायला जागाच नाही.

बरं, जागा असती तरी वेळ नव्हता. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं दाखवायची, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३७ लाख ठिपके. प्रोसेसरचे ठोके सेकंदाला साधारण १८ लाख. एका ठोक्यात दोन ठिपके रंगवले तरच जमणार, आणि मग मारिओने उडी कधी मारायची? म्हणून चित्राचं काम प्रोसेसरकडून काढून एका वेगळ्या, खास त्यासाठीच बनवलेल्या चिपला दिलं. ही बाजारात कुणालाही मिळणारी चिप नव्हती. निन्टेन्डोचे मासायुकी उएमुरा आणि रिको कंपनीचे अभियंते यांनी ती या यंत्रासाठी घडवली. पिक्चर प्रोसेसिंग युनिट, थोडक्यात पीपीयू. रिकोचा नंबर २सी०२. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना यंत्र स्वस्त हवं होतं, आणि ते शेवटी १४,८०० येनला विकलं गेलं. त्या किमतीत बसायचं तर चिपमधला प्रत्येक कोपरा वाचवायला हवा होता.

हे वाचवणं कसं केलं ते मला पुस्तकात वाचून फारसं कळलं नव्हतं. काकांच्या टेबलावर कळलं. काका जॅकार्डच्या साड्यांचे ग्राफ काढतात. सुरतेत लूमच्या कारखान्याला 'खातं' म्हणतात. तसल्या खात्यांना डिझाइन पुरवणं हा त्यांचा धंदा. साडी साडेपाच मीटर असली तरी काका साडेपाच मीटर चित्र कधीच काढत नाहीत. ते एक बुटी काढतात. चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवून (आता काँप्युटरवर, पण घरं तीच). मग काठाचा एक तुकडा, पदराचा एक तुकडा. कुठली बुटी कुठे आणि किती वेळा यायची, ते वेगळं ठरतं. त्यावरून पूर्वी पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं बनायची. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. कार्डांची माळ मागावर चढवली की माग धाग्यामागे धागा तेच विणत जातो. मागाच्या पोटात साडीचं चित्र कुठेच नसतं. असते ती बुटी आणि क्रम.

पीपीयू नेमकं हेच करतो. त्याची बुटी म्हणजे टाइल: ८ आडवी घरं, ८ उभी, एकूण १६ बाइट. पार्श्वभूमीसाठी अशा २५६ आणि हलणाऱ्या पात्रांसाठी २५६. मिळून ८ किलोबाइट. या टाइल यंत्रात नसतात, कॅसेटमध्ये असतात. पीपीयूच्या २ किलोबाइटमध्ये फक्त यादी असते: पडदा ३२ टाइल रुंद, ३० उंच, तेव्हा ९६० घरांत कुठल्या नंबरची टाइल बसवायची ते ९६० बाइट, आणि रंगांसाठी आणखी ६४. एका पडद्याचं काम झालं १,०२४ बाइटमध्ये. १५,३६० कुठे आणि १,०२४ कुठे!

आणि विणणंही शब्दशः विणणंच. जुन्या जाड टीव्हीत काचेवर एक किरण डावीकडून उजवीकडे ओढला जायचा, एका ओळीखाली दुसरी, वरून खालपर्यंत. तो किरण एखाद्या ठिपक्यावर पोचायच्या थोडंसं आधी पीपीयू यादीत बघतो, कॅसेटमधून त्या टाइलची ती एक ओळ उचलतो, रंग लावतो आणि पाठवून देतो. ओळ झाली की विसरतो. म्हणजे आपण ज्या मारिओला पाहायचो, त्याचं पूर्ण चित्र यंत्रात कोणत्याही क्षणी नव्हतंच. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मागावरही धोट्याच्या खाली कापड असतं आणि वर नुसते धागे, म्हणाले.

रंगांची काटकसरही तशीच. एका टाइलमध्ये घरं फक्त '०, १, २, ३' अशी नोंदलेली असतात. कोणत्या आकड्याला कोणता रंग ते नंतर ठरतं. जॅकार्डचा ग्राफ तोच ठेवून बाण्याचा धागा बदलला की हिरवी बुटी जांभळी होते, तसं. सुपर मारिओमध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट पाहा. आकार एकच आहे. पांढरा लावला की ढग, हिरवा लावला की झुडूप. लहानपणी हा गेम खेळलेल्या कुणालाही हे दाखवा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे: ३२ किलोबाइट प्रोग्राम आणि ८ किलोबाइट टाइल.

कॅसेटमधल्या टाइलचे पाय थेट पीपीयूला जोडलेले असतात आणि प्रोग्रामचे पाय प्रोसेसरला, म्हणून तर तिला साठ पितळी दात आहेत. यावरून आपल्या एका राष्ट्रीय सवयीचा उलगडा होतो. गाणं वाजतंय, मारिओ उडतोय, पण पडद्यावर मारिओच्या जागी आकडे आणि विटांचा कचरा दिसतोय, असं व्हायचं ना? तेव्हा प्रोसेसरचे दात नीट टेकलेले असतात आणि पीपीयूचे नसतात. कार्डांची माळ घसरलेली, माग मात्र चालू. मग आपण कॅसेट काढून फुंकर मारायचो. गेम चालू व्हायचा तो फुंकरीने नाही, काढून पुन्हा घातल्याने. फुंकरीतली ओल उलट दातांना गंज चढवते. पण हे आज कुणाला सांगून उपयोग?

आता हलणारी पात्रं. मारिओ, शत्रू, गोळ्या हे टाइलच्या चौकटीत अडकून चालत नाही, त्यांना कुठल्याही ठिपक्यावर उभं राहता आलं पाहिजे. त्यांना स्प्राइट म्हणतात (थंड पेयाशी संबंध नाही). पीपीयूला असे ६४ स्प्राइट सांभाळता येतात. पण ओळ विणायला घेण्याआधी 'या ओळीवर कोण कोण येतंय' हे शोधून बाजूला मांडायला त्याच्याकडे आठच जागा आहेत. एका आडव्या ओळीवर आठ, नववा आला की तो दिसणारच नाही. छोटा मारिओ दोन स्प्राइट रुंद. तसेच दोन-दोन रुंदीचे चारजण एका रांगेत आले की ओळ भरली.

मग नवव्याचं काय करायचं? एक शत्रू कायमचा अदृश्य झाला तर खेळणारा चिडेल. म्हणून गेम लिहिणारे दर चित्राला यादीचा क्रम फिरवत राहायचे. या वेळी एक गळतो, पुढच्या वेळी दुसरा. डोळ्याला सगळे दिसतात, पण लुकलुकत. काँट्रामध्ये गोळ्यांचा पाऊस पडला की माणसं लुकलुकायची ती यामुळे. काका सांगतात, त्या वेळी ते टीव्हीच्या डोक्यावर थापटी मारायचे. टीव्ही बिचारा निर्दोष होता. काही गेमवाल्यांनी तर या उणिवेचाच उपयोग केला. कॅसलव्हेनिया २ मध्ये नायक दलदलीत उतरतो तेव्हा त्याचे पाय दिसेनासे होतात, कारण त्या ओळींवर आधीच आठ रिकामे स्प्राइट आणून बसवलेले असतात. जागा भरली, पाय गळले!

सगळ्यात मला आवडलेली गोष्ट मात्र नाण्याची. मारिओ पळतो तेव्हा जमीन, ढग, पाइप सगळं डावीकडे सरकतं, पण वरची गुणांची पट्टी जागची हलत नाही. पीपीयूला तर पूर्ण चित्र एकाच मापाने सरकवता येतं. अर्धं सरकव, अर्धं ठेव, असं त्याला सांगायची सोयच नाही. उपाय असा: वरच्या पट्टीत नाण्यांच्या आकड्याशेजारी जे छोटं नाणं दिसतं, त्याच्या तळाशी यादीतला पहिला स्प्राइट लपवलेला आहे. विणता विणता त्या स्प्राइटचा ठिपका पार्श्वभूमीच्या ठिपक्यावर पडला की पीपीयू एक खूण वर करतो. प्रोसेसर त्या खुणेकडे डोळे लावून बसलेला असतो. खूण दिसली की समजायचं, पट्टीपर्यंत विणून झालं. आता सरकवायचा आकडा बदला. खालचं सगळं सरकलेलं विणलं जातं, आणि हे दर चित्राला नव्याने. कापड चालू असताना मध्येच कार्ड बदलावं तसा प्रकार आहे, आणि चुकलं तर वरची पट्टी थरथरते.

इथून पुढे गोष्ट आपल्याकडे येते. तैवानच्या यूएमसी या कंपनीने, पूर्ण नाव युनायटेड मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन, रिकोच्या दोन्ही चिपांच्या नकला बनवल्या. यूए६५२७ हा प्रोसेसर आणि यूए६५२८ हा पीपीयू. आता विचार करा, नकलाकाराला काय काय नक्कल करावं लागलं असेल. नुसतं 'चित्र काढणारी चिप' बनवून भागलं नसतं. आठच स्प्राइट दिसणं, नववा गळणं, नाण्याखालची खूण नेमक्या क्षणी वर होणं, हे सगळं जसंच्या तसं आणावं लागलं, कारण गेम त्याच्या भरवशावर लिहिलेले. कुणी शहाणपणा करून ओळीला सोळा स्प्राइट दिले असते तर दलदलीतल्या नायकाचे पाय चिखलावर तरंगताना दिसले असते.

पण एक गोष्ट बदलावीच लागली. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करायचे. आपल्याकडे पाल पद्धत, म्हणजे ५० वेळा, आणि ओळी मात्र जास्त: तिथे २६२, इथे ३१२. वरच्या ५० ओळींचं करायचं काय? निन्टेन्डोने स्वतः युरोपासाठी पाल यंत्र बनवलं तेव्हा त्या ओळी किरण खालून परत वर जातो त्या मोकळ्या वेळेत टाकल्या आणि प्रोसेसर थोडा हळू केला, १.६६ मेगाहर्ट्झ. त्यामुळे प्रोसेसर आणि पीपीयूची मूळची ताल बिघडली. पूर्वी पीपीयूचे तीन ठिपके म्हणजे प्रोसेसरचा एक ठोका; आता तीन पूर्णांक दोन दशांश. 'इतके ठोके मोजले की अमुक ओळ आली' असं धरून लिहिलेले गेम चुकायला लागले, युरोपसाठी ते दुरुस्त करावे लागले.

नकली यंत्रांसाठी गेम कोण दुरुस्त करून देणार? यूएमसीच्या पाल पीपीयूत, यूए६५३८ मध्ये, वेगळा मार्ग काढला गेला. चित्र विणून संपलं की त्या जास्तीच्या ५० ओळी चिप नुसती गप्प बसते. गेमला कळूच देत नाही की वेळ जातोय. मग जपानी यंत्राइतकाच, २० ओळींचा, मोकळा वेळ देते. तीनास एक ही तालही तशीच ठेवली, प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झवर, मूळच्या १.७९ च्या अगदी जवळ. त्यामुळे जपानी कॅसेट पाल टीव्हीवर न बिघडता चालते आणि सूरही फारसे उतरत नाहीत. मला हे निन्टेन्डोच्या स्वतःच्या उपायापेक्षा जास्त हुशारीचं वाटतं. ते कुणाला सुचलं, त्याचं नाव मला कुठेही वाचायला मिळालं नाही. उएमुरांचं नाव मिळतं, २०२१ मध्ये ते गेले तेव्हा जगभर बातम्या आल्या. नकलाकाराची बातमी येत नाही.

आणि मग एकेक चिप वेगळी बसवणंही महाग वाटू लागलं, तेव्हा प्रोसेसर, पीपीयू, सगळं एकाच तुकड्यावर आणून वर काळं रेझिन ओतलं. तो आमच्या माळ्यावरचा गोळा.

चोरी आहे का ही? आहे. मी काकांनाही तसं म्हटलं, कारण त्यांच्या धंद्यात हे दुखणं रोजचं. इथे एखादी साडी चालली की आठवड्यात तीच डिझाइन दुसऱ्या खात्यात विणली जाते. काकांनी एकदा घाईत एका कोयरीच्या देठाला एक घर जास्त रंगवलं होतं. महिन्याभराने बाजारात दुसऱ्याच कुणाची साडी दिसली, रंग वेगळा, पोत वेगळा, आणि देठाला ते एक घर जास्त. "चूकसुद्धा उतरवली होती रे," काका सांगतात. राग आहे त्यांच्या आवाजात, अजून आहे. पण ज्या टीव्ही गेमवर ते वाढले त्याबद्दल नाही. मूळ फॅमिकॉम आमच्या गल्लीत कधी आलाच नसता, हे त्यांचं म्हणणं, आणि तेही खोटं नाही. दोन्ही एकत्र कसं मानायचं ते त्यांनी ठरवलेलं नाही, मीही नाही.

नकलेच्या स्वतःच्याही चुका असतात, हे मात्र त्यांना आवडलं. अनेक नकली चिपांमध्ये आवाजाच्या दोन प्रकारांची अदलाबदल झालेली आहे, त्यामुळे ओळखीच्या गाण्याचा पोत थोडा वेगळा, जास्त नाकातला किंवा जास्त पोकळ लागतो. सूर तोच, गळा दुसरा. ज्यांनी लहानपणी तेच ऐकलं त्यांना मूळ गाणं नकली वाटतं.

शेवटी स्टेशनजवळून नवा अडॅप्टर आणला आणि डबा चालू झाला. कॅसेट '९९९९ इन १'. प्रत्यक्षात मोजून थोडे गेम, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने. इथेही बुटी एकच आणि यादी लांब. काका पंचेचाळीशीचे आहेत, गुडघा दुखतो, पण जमिनीवर मांडी घालून बसले आणि मारिओचा पहिला टप्पा एकदाही न मरता पार केला.

मग मी लॅपटॉपवर तोच गेम लावून दिला, जपानी वेगाने, सेकंदाला साठ. आपल्याकडच्या पन्नासच्या यंत्रावर अमेरिकेतला एक मिनिटाचा खेळ एक मिनिट बारा सेकंद चालायचा, आणि काकांचा अंगठा त्या बारा सेकंदांसकट शिकलेला. पहिल्याच शत्रूला धडकले. दुसऱ्या वेळी खड्ड्यात. तिसऱ्या वेळी पुन्हा खड्ड्यात.

"याचा मारिओ जास्त पळतोय," म्हणाले, आणि लॅपटॉप बाजूला सारून रिमोट उचलला.